सांवेर रोडचा गॅसवाला जनरेटर

जनरेटर भाड्याने देणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. मशीन सकाळी गिऱ्हाइकाकडे जाते, संध्याकाळी परत येते, आणि येताना टेम्पोत एखादा किस्सा बसलेलाच असतो!

मध्य प्रदेश होऊन तेव्हा दहा-पंधरा वर्षंच झाली होती. इंदूरच्या सांवेर रोडवर शिर्केकाकांचं दुकान, मी डिलिव्हरीवर. वीज केव्हाही जायची. पेट्रोल परवडेना म्हणून काकांनी एक जनरेटर गॅसवर चालेल असा करून घेतला. मिस्त्री होते महूचे वानखेडे. वडील फौजेत होते, त्यामुळे यांच्या कामाला क्रम असायचा. आधी जमिनीत अर्थिंगचा रॉड, मग गॅसचा पाइप, मग जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडे आले तर लीक. नाही आले तरच स्टार्ट!

* * *

एका लग्नघरी वानखेडे म्हणाले, "जरा साबणाचं पाणी मिळेल का?"

मुलीचे वडील स्वतः धावले. नवीन साबण, टॉवेल, पाण्याचा लोटा. वानखेड्यांच्या हातावर आदराने पाणी घालायला लागले. वानखेड्यांनी निमूटपणे हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "थँक्यू साहेब. आता या पाइपचेही हात धुवायचे आहेत."

* * *

पलासियाच्या एका डॉक्टरांकडे मशीन महिनाभर होती. रॉड गुलाबाच्या वाफ्यात ठोकला. डॉक्टरांच्या आईंना सांगून आलो, "आजी, इथली माती ओली ठेवा हं, करंट जमिनीत गेला पाहिजे."

महिन्याने काढायला गेलो, तर रॉडभोवती सुबक आळं, वर शेणखत! आजी म्हणाल्या, "रोज पाणी घातलं रे, पण याला काही फुटलंच नाही."

वानखेडे म्हणाले, "आजी, सगळ्या इंदुरात अशी अर्थिंग कुणाची नाही!"

* * *

एकदा वानखेडे तापाने घरी होते. भजनाच्या मंडळाने मशीन नेली. रॉड कसा ठोकायचा ते मी नीट समजावलं होतं. अर्ध्या तासात माणूस हजर. "भिया, बुवांना माइकचा झटका बसतोय. आणि लोक तर वाहवा करून राहिले!"

धावत गेलो, आधी मशीन बंद केली. अर्थिंगची तार टेबलाच्या खिळ्याला गुंडाळलेली. बुवा बाजूला थरथरत बसले होते. मी ओरडलो, "अहो, जमिनीला जोडायला सांगितलं होतं ना!"

मंडळाचे सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मग टेबल काय हवेत आहे?"

* * *

भंवरकुआंच्या एका होस्टेलचे मॅनेजर हट्टाला पेटले. "आवाज फार होतो, मशीन खोलीत ठेवा. दरवाजा लावून घेऊ."

वानखेडे म्हणाले, "ठेवतो. पहिला अर्धा तास तुम्ही आत बसा. इंजिनमधून जो गॅस निघतो तो दिसत नाही, वास येत नाही. माणूस झोपतो तो झोपतोच."

मॅनेजरसाहेबांनी स्वतः मशीन ढकलत अंगणाच्या टोकाला नेली.

परत येताना मी विचारलं, "आणि खरंच बसले असते तर?"

"तर मी मशीन सुरू केली नसती," वानखेडे म्हणाले. "पण बसवलं असतं!"

* * *

आता काकांचं. काकांचे पणजोबा, आजोबा आणि वडील दरबारच्या तोफखान्यात होते आणि हे प्रत्येक गिऱ्हाइकाला कळायचंच. एका दुपारी दुकानात गॅसचा वास आला. मी आणि वानखेडे बाहेर टेम्पोतून मशीन उतरवत होतो. वळून बघतो तर काका सिलिंडरपाशी उकिडवे बसलेले, एका हातात माचिसची डबी, दुसऱ्या हातात काडी! लीक कुठे आहे ते बघत होते.

वानखेडे धावले. काकांच्या हातावर फटका मारला, काडी उडाली, सिलिंडर बंद केला, काकांना दंडाला धरून रस्त्यावर आणलं. मालकाला! भर बाजारात!

काका लालबुंद झाले. "वानखेडे, आमच्या तीन पिढ्यांनी बारूद हाताळली आहे!"

वानखेडे म्हणाले, "हो काका. म्हणूनच म्हणतो, चौथी राहू द्या."

दोन दिवस काका कुणाशी बोलले नाहीत. वानखेडे आपले पाने-पक्कड आवरून ठेवायला लागले. नोकरी गेली असंच आम्ही धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर दारावर नवी पाटी. "मालकास माचिस देऊ नये. हुकमावरून."

अक्षर काकांचं होतं. खाली सहीच्या जागी काकांनीच लिहिलं होतं: वानखेडे.