नानांची एसटी आणि काळी चिकटपट्टी

काय बोलू आणि कुठून सुरू करू! ज्या वस्तूतलं मला काडीचं कळत नाही, ती छातीठोकपणे विकण्यात माझी हयात गेली. पण ही दुकानदारी मी घरच्याच वस्तूवर केली ती एकदाच, आणि त्याबद्दल महिनाभर जिने चढलो. चहा ओतून घ्या, सांगतो.

संगमनेरला माझं इलेक्ट्रिकचं दुकान. खाली दुकान, वर घर, मधे अठरा पायऱ्यांचा उभा जिना. पंखे, मिक्सर, रेडिओ, घड्याळं आणि त्या काळात नवीन निघालेले, हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम. माझं शिक्षण नववी नापास. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

आमचे वडील, नाना, एसटीचे ड्रायव्हर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. चालणं परत आलं, बोलणं तर जरा जास्तच परत आलं. उजव्या हाताचा अंगठा मात्र रुसला. त्यामुळे सदऱ्याची बटणं लागेनात. जन्मभर खाकी सदरा स्वतः कडक घालणारा माणूस, माझी बायको मंदा बटणं लावायला लागली की भिंतीकडे बघत उभा राहायचा.

डॉक्टरांनी अंगठ्याच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला. नाना म्हणाले, "मी काय रांगतं पोर हाय व्हय?" आणि डाव्या हातानं चेंडू गॅलरीतून थेट रस्त्यात!

माझी मुलगी सुजाता पुण्यात इंजिनिअरिंगला होती, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट आलेलं. तिथं तिला कळलं की, जगात काही लोक या हातातल्या गेमसाठी घरबसल्या स्वतःचे खेळ लिहितात आणि वाटून टाकतात.

"विकत?" मी विचारलं.

"नाही पप्पा, फुकट."

"फुकट? अगं, मग खातात काय?"

ती हसली. माझ्या दुकानात न खपलेला एक गेम घेऊन गेली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आली. गेममध्ये खुपसायच्या एका जुन्या कॅसेटची पाठ कापून तिनं आत स्वतःची चिप बसवली होती. वर काळी चिकटपट्टी. चालू केलं, तर पडद्यावर आपला चंदनापुरीचा घाट! त्यात मुंगळ्याएवढी एसटी, पुढ्यात बकऱ्या आणि बैलगाड्या. उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं की पींऽ, आणि रस्ता मोकळा. नाही दाबलं तर गाडी नुसती थांबते.

"धडकत नाही?" मी म्हणालो.

"नानांची गाडी आहे," सुजाता म्हणाली. "त्यांनी कधी धडकवली आहे का?"

नानांनी गेम उलटापालटा करून पाहिला. "पोरी, ह्येला गिअर न्हाई?"

"नाही नाना. फक्त हॉर्न."

"मग डायवर पगार कशाचा घेतो?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून वरून पींऽ पींऽ सुरू! पाच बकऱ्या, दहा बकऱ्या, मग अख्खा कळप. मंदा पदरानं डोळे पुसत होती आणि म्हणत होती, कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता.

पुण्याला परत जाताना सुजाता म्हणाली, "पप्पा, ती काळी पट्टी काढायची नाही हं. कारण आत..."

तेवढ्यात मिक्सरवालं गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक सोडून मी मुलीचं ऐकेन? छे! गाडीची वेळ झाली, ती निघून गेली आणि ते 'कारण' तसंच हवेत राहिलं.

आता मला सांगा, आमच्या धंद्यात काळ्या पट्टीचा अर्थ काय? जोडलेला माल! पट्टी दिसली की गिऱ्हाईक म्हणणार, "शेठ, रिपेरचा आहे ना?" आणि माझ्या मुलीनं केलेल्या वस्तूला कुणी रिपेरचा माल म्हणायचं? मी नखानं हळूच पट्टी सोलली. खाली काय असावं? चिपच्या पाठीवर काचेची गोल खिडकी आणि आत सोनेरी, चमचमणारं नक्षीकाम! म्हटलं, पोरगी साधी ती साधी. असलं काम कुणी झाकून ठेवतं का?

मग डोक्यात दुकानदार शिरला. नाना सकाळ-संध्याकाळ खेळायचे. दिवसभर कॅसेट रिकामीच की! मी ती दोऱ्यानं दुकानाच्या दारात टांगली, खिडकी रस्त्याकडे करून. मे महिन्याच्या उन्हात ती अशी लखलखे म्हणता! येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होतो, "आमच्या सुजाताचं काम. वरिजनल!"

आठ-दहा दिवसांनी नाना म्हणाले, "बाळ्या, आज गाडी आभाळातनं गेली रं."

"घाट आहे नाना. उंचावरून जात असेल."

दोन दिवसांनी बकऱ्या उलट्या चालायला लागल्या. मग गाडीची चाकं गेली. आणि एका सकाळी पडदा कोरा! मी सेल बदलले, फुंकर मारली, चापट मारली. मंदानं मीठ-मिरच्या घेऊन कॅसेटची दृष्ट काढली. उपयोग शून्य.

त्याच दिवशी सुजाताचा फोन. "पप्पा, पट्टी जागेवर आहे ना?"

"आहे, आहे!"

"ऊन लागू देऊ नका. त्या काचेतून आत ऊन गेलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. त्या दिवशी सांगायचं राहिलं."

रिसीव्हर हातात गरम झाल्यासारखा वाटला. तिची परीक्षा तोंडावर. तिला सांगायची सोय नाही. आणि नानांना कुठल्या तोंडानं सांगू की, तुमचा अंगठा मी दारात वाळत घातला?

वर जाऊन म्हणालो, "नाना, गाडी डेपोत गेलीय."

नाना गंभीर झाले. "काय बिघाड?"

"ब्रेक."

"ब्रेकला दोन दिस लागत्यात."

माझं मन मला खाई. दोन दिवस काय, महिनाभर तरी गाडी येणार नव्हती. निदान सेवा तरी करावी म्हणून मी त्यांच्या कॉटशेजारी बेलचं बटण बसवलं, घंटी खाली दुकानात. उजव्या हाताला बसवलं, कारण वायर तिथंच आली होती. "काही लागलं तर दाबा नाना, मी हजर!"

तिसऱ्या दिवशी घंटी. मी अठरा पायऱ्या चढून वर.

"आली का गाडी?"

"नाही नाना. पार्ट यायचाय नाशकावरून."

"कुठला पार्ट?"

"कार्बोरेटर."

"डिझेलच्या गाडीला कार्बोरेटर? कोन येडा बसलाय तुज्या डेपोत?"

मी खाली. पाचव्या मिनिटाला घंटी. "बाळ्या, त्या मेकॅनिकचं नाव काय?" पुन्हा खाली. पुन्हा घंटी. "गाडी उभी कुठं केलीय? सावलीत हाय ना?" हा 'सावलीत' शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता. पण धापा टाकणाऱ्याला काय खटकणार?

रोज तीस-चाळीस फेऱ्या! पार्ट चुकीचा आला, मेकॅनिकच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, मग डेपोत संप झाला. घंटी वाजली की गिऱ्हाइकंच म्हणायची, "जा शेठ, डेपोतून बोलावणं आलं." माझी विजार कमरेत ढिली झाली. मंदा म्हणाली, "लग्नात दिसत होतात तसे दिसायला लागलात."

परीक्षा संपवून सुजाता आली. स्टँडवर तिची बॅग घेतली आणि तिथंच सगळं कबूल केलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "फोनवर तुम्ही दोनदा 'आहे' म्हणालात तेव्हाच कळलं. दुसरी चिप करून आणलीय. नानांचा अंगठा कसा आहे?"

महिनाभर मी अंगठ्याकडे पाहिलंच नव्हतं, थापा जुळवण्यातच गुंग.

वर गेलो. नाना खिडकीपाशी उभे होते. अंगात खाकी सदरा. गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली. मी मंदाकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात वर केले, म्हणजे मी नाही लावली!

सुजातानं नानांचा हात धरला आणि नवी कॅसेट त्यांच्या तळहातावर ठेवली, काळी पट्टी लावलेली.

"घ्या नाना, तुमची गाडी."

नानांनी ती प्रेमानं कुरवाळली आणि परत तिच्या हातात दिली.

"ठेव पेटीत जपून. गॅलरीतनं तुज्या बापाला पट्टी सोलून ती उन्हात टांगताना बगितलं तवाच वाटलं, ही गाडी आता गेली."

"मग मला बोलला का नाहीत?" मी ओरडलो.

"बोलनार हुतो. पर तू बेल बसवलीस." नाना सुजाताकडे वळले. "पोरी, तुज्या गेमात बटन दाबलं की बकऱ्या पळायच्या. ह्या बटनाला तुजा बाप पळत येतो. आन् तुजी गाडी नुसती पींऽ करायची, हा दर टायमाला नवी थाप मारतो. लई भारी गेम हाय!"