कुंदाताईंनी राखलेला अंधार

योगिताचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात एका साइटवर होते. शेजारी काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता, त्यामुळे पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. जरा लांब जाऊन पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आई गेली... दुपारी जेवून पडली, ती उठलीच नाही." याला आता काही आठवडे झाले. तरी अजून तिच्या आईबद्दल, कुंदाताईंबद्दल, मी आधी 'आहेत' लिहिते आणि मग खोडून 'होत्या' करते.

आमची ओळख झाली ती त्यांच्या गोल्फच्या मैदानामुळे. कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांच्या सासरची भातशेती होती. चहूबाजूंनी इमारती उठल्या, ओढ्याचं पाणी अडलं आणि भात पिकेनासा झाला. बिल्डर घरी येऊन बसू लागले. नवरा आधीच गेलेला, दीर विकायला तयार; पण कुंदाताईंनी आपला हिस्सा दिला नाही. योगिता एका क्लबमध्ये नोकरी करता करता गोल्फ शिकली होती. तिनं सुचवलं, जाळी लावून चेंडू मारण्याच्या सरावाची जागा करू या. गावात लोक हसले. "भाताच्या खाचरात गोल्फ?" कुंदाताईही हसल्या, पण जमीन मोकळी राहतेय म्हटल्यावर लगेच हो म्हणाल्या. नऊवारी नेसून, खुर्ची टाकून त्या तिथे बसायच्या आणि चेंडू लांब गेला की अनोळखी गिऱ्हाइकालाही "झ्याक!" अशी दाद द्यायच्या.

अडचण एकच होती. गिऱ्हाईक यायचं ते ऑफिस सुटल्यावर, आणि तोवर अंधार पडायचा. रविवारच्या जिवावर मैदान चालणार नव्हतं. फ्लडलाइट लागले नाहीत तर ते बंद करावं लागणार आणि मग दीर पुन्हा बिल्डरला घेऊन येणार, हे मायलेकींना दिसत होतं. खांबांच्या परवानगीसाठी आर्किटेक्ट हवी म्हणून योगिता माझ्या डोंबिवलीच्या ऑफिसात आली. मी नकाशे केले, नगररचना विभागात फाइल दाखल केली... आणि महिन्याभरात हरकत आली. मैदानाला लागून असलेल्या सोसायटीतल्या गायकवाडबाईंनी लिहिलं होतं की या दिव्यांचा उजेड थेट त्यांच्या खोलीत येईल, परवानगी देऊ नये.

अशा हरकती आम्हाला नव्या नाहीत. सुनावणीत उत्तर देता येईल, असं मी म्हटलं. वकिलांचंही तेच मत होतं. कुंदाताई मात्र म्हणाल्या, "उत्तर मंग देऊ. आदी ती खोली तर बगू." आणि खरंच, मला सोबत घेऊन त्यांनी त्याच संध्याकाळी गायकवाडांची बेल वाजवली.

गायकवाडबाई निवृत्त नर्स. दारातच त्यांनी बजावलं, "समजूत काढायला आला असाल तर उगाच वेळ घालवू नका."

"नाय हो. मना फक्त बसू द्या घटकाभर," कुंदाताई म्हणाल्या.

आतल्या खोलीत गायकवाडकाका पडून होते. पक्षाघातानं अंग गेलेलं. त्यांना मान फिरवता येत नव्हती, बोलताही येत नव्हतं. पलंग खिडकीशी लावलेला, कारण बाहेरचं आभाळ बघणं एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. कुंदाताईंनी योगिताला फोन केला. तिनं ठरल्याप्रमाणे खाली मैदानातून, बांबूला बांधलेला मोठा दिवा वर धरला. खोली एकदम पांढरीफटक झाली. काकांनी डोळे मिटले ते मिटलेच. मिटल्या पापण्यांतून पाणी यायला लागलं. गायकवाडबाई पडदा ओढायला उठल्या, त्याआधीच कुंदाताई फोनवर ओरडल्या, "बंद कर! योगिता, बंद कर तो!"

जिना उतरून खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "बाय, त्या मानसानं तोंड कुठं फिरवाचा? खांब बदल."

खांब बदलायचे म्हणजे सोसायटीकडची सगळी डावी बाजू अंधारात सोडायची आणि सरावाच्या तेवढ्या जागा गमवायच्या. योगिता चिडली. "आई, मग दिवे लावून उपयोग काय? निम्मे लोक परत जातील!" कुंदाताईंनी तिला शांतपणे सांगितलं, "निम्मे तर येतील ना?" मी खांब पलीकडच्या कडेला नेले, दिव्यांना झापडं लावली, प्रकाश इमारतीकडे पाठ करून जमिनीवर पडेल असा नवा नकाशा केला.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी गायकवाडबाईंना विचारलं, "म्हणजे तुम्ही हरकत मागे घेताय?"

"नाही साहेब," बाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "हरकत बरोबरच होती. ती यांनी ऐकली."

परवानगी मिळाली. पहिल्यांदा दिवे लागले त्या संध्याकाळी मैदानावर पेढे, फोटो, गावातली मंडळी... आणि कुंदाताईंचा पत्ता नाही. मी वर पाहिलं तर त्या गायकवाडांच्या खिडकीत उभ्या होत्या. खोलीत उजेड येत नाही ना, हे बघायला गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी आम्हाला हात केला.

मैदान तगलं. फार भरभराट नाही झाली, पण जमीन राहिली. पुढे काका गेले, गायकवाडबाई लेकाकडे राहायला गेल्या, त्या घरात दुसरं कुटुंब आलं. आता डावीकडेही खांब घेऊ, असं मीच एकदा सुचवलं होतं. कुंदाताईंनी उलट विचारलं, "त्या खोलीत कुनी झोपत नाय का आता?"

परवा परवानगीच्या नूतनीकरणासाठी योगिताबरोबर गेले होते. टेबलावर नवे, तरुण साहेब होते. नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही बाजू रिकामी का? इथेही दिवे बसतात की."

मी तोंड उघडण्याआधी योगिता म्हणाली, "तिथं घरं आहेत, साहेब."