खंडेनवमीची थप्पी

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती. चिंचवडजवळच्या एका लष्करी कोठारात मी बंदुकांच्या पेट्यांच्या थप्प्या लावून घेत असे. एक पेटी उचलायला चार हमाल लागत. दोन थरांमध्ये आडव्या लाकडी पट्ट्या घालायच्या आणि थप्पी कमरेच्या वर न्यायची नाही, हा आमचा नियम.

खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी मोठे पाहुणे येणार होते. कोठाराच्या साहेबांनी थप्पी डोक्याच्या वर चढवायला सांगितली. झेंडूच्या माळांमधून पट्ट्या वाईट दिसतात, म्हणून त्याही काढायच्या होत्या.

"एका सकाळचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

"पडायला तेवढा वेळ लागत नाही. आणि प्रसादाला हमाल हिच्याखालीच बसणार."

"शुभकार्यात असं बोलू नये."

मी त्या कमरेएवढ्या थप्पीवर चढून बसलो.

थोड्या वेळाने हमालांच्या मुकादमाने विचारले, "राव, पेट्या चढवायच्या का न्हाई?"

"मी उतरलो की चढवा."

पाहुण्यांची मोटार फाटकात शिरली, तेव्हाच मी उतरलो. पूजा त्याच थप्पीची झाली. पेट्यांना कुंकू लावायला साहेबांना चांगलेच वाकावे लागले. शस्त्रांपुढे ते वाकलेले मी तेवढेच एकदा पाहिले.