पोच नसलेला अर्ज

राव मामांनी तिसऱ्यांदा वाचन थांबवलं तेव्हा मी पेन टेबलावर आपटलं.

"ह्याणें अर्जाची पोच घेतली काय मा?" त्यांनी विचारलं.

चेन्नईत मैलापूरमधल्या एका संगीत सभेच्या हॉलमागच्या खोलीत आमचं टेबल रीडिंग चाललं होतं. टेबल रीडिंग म्हणजे उभं राहून हातवारे करण्याआधी सगळ्यांनी बसून नाटक वाचायचं आणि प्रत्येक वाक्याला 'का?' विचारायचं. नाटक चारशे वर्षं जुनं, इंग्रजी, सूडाचं. मराठी मी केलं होतं. मुलाचा खून झालेला बाप राजाकडे न्याय मागायला जातो. दरबारातली माणसं त्याला पुढे जाऊ देत नाहीत. शेवटी तो स्वतःच खुन्यांना मारतो.

मी तेव्हा कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संघटनेत होते. पत्रकं लिहायचे, पथनाट्यं बसवायचे. वय सव्वीस. मराठी मंडळाचे सेक्रेटरी कुलकर्णी यांना वार्षिक कार्यक्रमाला फार्स हवा होता. लोक जेवून येतात, त्यांना प्रेतं कशाला दाखवता, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की याच शहरात बांधकामांवर माणसं मरतात आणि आपण जेवून हसायला येतो, याची लाज वाटायला हवी. ते हो म्हणाले. पटलं म्हणून नव्हे. मी खुर्चीवरून उठेना म्हणून.

माझ्या हट्टाला कारण होतं. शकूअक्का. तंजावरकडच्या मराठी घरातली बाई, नवरा नाही, घरी शिकवण्या घ्यायची. तिचा दिवाकर लिफ्ट बसवणाऱ्या ठेकेदाराकडे होता. अण्णा नगरमधल्या एका नव्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पडून तो गेला. ठेकेदार म्हणाला, तो आमचा माणूसच नव्हता, मित्राला भेटायला आला होता. म्हणजे कागदावर दिवाकर कामगार नव्हे, नको तिथे घुसलेला रिकामटेकडा. अक्काला एकच गोष्ट हवी होती. आपला मुलगा काम करताना गेला, असं सरकारने लिहून द्यावं.

नाटकातल्या आईची भूमिका मी तिला दिली. वाटलं, सगळा संताप स्टेजवर बाहेर पडेल. ती मात्र वाण्याची यादी वाचावी तशी वाचायची. एकदा मी न राहवून म्हणाले, "अक्का, तुमच्या मुलाला मारलंय इथे."

"मज ठाऊक आहे," ती म्हणाली.

आता राव मामांचा प्रश्न. मामा बापाचं काम करत होते. तेही तंजावरकडचेच, मराठी जुन्या वळणाचं, वाक्याला तमिळ 'मा' जोडलेलं. सगळी नोकरी सरकारी ऑफिसच्या टपाल सेक्शनमध्ये गेली. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर जिथे शिक्का आणि नंबर पडतो ती जागा.

"मामा, हा दरबार आहे. तुमचं ऑफिस नाही."

"दरबार म्हणजे ऑफिसच मा. राजा वाईट नव्हे ह्यांत. राजास कागद पोचलाच नाही. टपाल सेक्शन असता तर इतकीं माणसें मेलीं नसतीं."

सगळे हसले. मी नाही. मी स्क्रिप्ट उघडली. अभ्यास करताना प्रत्येक खुनाखाली मी लाल रेघ मारली होती. अर्जाच्या प्रवेशावर लिहिलं होतं, 'कंटाळवाणा, कापणे.' पुन्हा वाचला. मामा बरोबर होते. त्या बापाला राजाने नाही म्हटलेलंच नव्हतं.

तेवढ्यात अक्काने विचारलं, "साहेबाच्या हातांत दिला, तरी पोच मागायची काय?"

मग एकेक निघालं. तिने तीन अर्ज केले होते. पहिले दोन कामगार खात्यातल्या साहेबाच्या हातात दिले. त्याने खुर्ची दिली, कॉफी पाजली. अशा माणसाकडे शिक्का मागायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं तिला वाटलं. तिसरा अर्ज मी लिहिला होता. निदर्शनं करून, घोषणा देऊन, कॅमेऱ्यासमोर मीच तो साहेबाला दिला. फोटो संघटनेच्या भिंतीवर होता. शिक्का कशावरच नव्हता.

मामांनी चष्मा काढून ठेवला. "तर मग खात्यापाशीं तुझा अर्जच नाही, अक्का."

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. मामांनी तिथेच नवा अर्ज लिहिला. अकरा ओळी, दोन प्रती. दुसऱ्या दिवशी खात्यातला क्लार्क म्हणाला, ठेवून जा. मामा हलले नाहीत. त्याच्याशी तमिळमध्ये हल्लीच्या शाईची दशा, बदल्या, पेन्शन असं दीड तास बोलत उभे राहिले. शेवटी त्याने शिक्का मारला, बहुधा सुटका व्हावी म्हणून.

महिना गेला, उत्तर नाही. मला पुन्हा निदर्शनं करायची होती. माहिती अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता. मामा म्हणाले, आधी तो वापरून बघू. मी लिहिलेल्या मसुद्यातले दोन परिच्छेद त्यांनी खोडले. उरलं एवढंच: अमुक नंबरचा अर्ज कोणाकडे आहे, त्यावर काय केलं, अपघाताच्या पाहणीची प्रत द्या.

कायद्यात तीस दिवस आहेत. अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं. आत इन्स्पेक्टरने अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी केलेलं टिपण आणि सोबत साइटच्या हजेरीपटाचं झेरॉक्स पान. चौथं नाव दिवाकरचं. सकाळी आल्याची वेळ, पुढे त्याची सही. इतके महिने तो कागद खात्यातच पडून होता. ज्याला जोडायचा तो अर्जच फाइलमध्ये नव्हता.

अक्का सहीवर बोट ठेवून बसली. "घाईंत सही करायचा," एवढंच म्हणाली.

प्रयोग आठ दिवसांवर होता. अर्जाचा प्रवेश मी कापला नाही, वाढवला. त्यात आईलाही आणलं. अक्का रडली नाही, ओरडलीही नाही. दरबारातल्या एकेकासमोर थांबून विचारत गेली, कागद कोणाकडे दिलात? कुलकर्णी नंतर म्हणाले, फार्स नव्हता, पण पान खायलासुद्धा कोणी उठलं नाही. त्यांच्या तोंडून ही स्तुतीच.

पुढे दोन सुनावण्या झाल्या. हजेरीपट समोर ठेवल्यावर ठेकेदाराच्या वकिलाला मित्राची गोष्ट पुढे रेटता येईना. खात्याने लेखी दिलं: कामावर असताना मृत्यू. अक्काने ते पत्र लॅमिनेट करून आणलं.

नंतर कधीतरी मी कॉम्प्युटरमधला तो तिसरा अर्ज काढून वाचला, मी लिहिलेला. चार पानं. 'शोषण' हा शब्द पानोपानी. दिवाकर कोणत्या तारखेला, कोणत्या इमारतीत पडला, हे कुठेच नाही.

आता पत्रक लिहिताना मी आधी तारीख आणि पत्ता लिहिते. चिडायला खाली भरपूर जागा उरते.