इंटरव्हलपर्यंत बरा

माझे सासरे, अप्पा, एखाद्या सिनेमावर रागावून घरी आले की कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. सख्ख्या भावानं दगा दिल्यासारखं तोंड करून ते यायचे. चपला काढायचे, पाय धुवायचे, सासूबाईंनी पुढे केलेली फिल्टर कॉफी उभ्यानंच प्यायचे. तोवर आम्ही सगळे चिडीचूप. मग निकाल लागायचा. सिनेमा चांगला निघाला असेल तर तिकीट बिस्किटांच्या जुन्या डब्यात, वाईट असेल तर केराच्या टोपलीत. बरेचसे सिनेमे मधल्या वर्गातले असत, आणि त्यांच्यासाठी त्यांचं तमिळमधलं एक ठरलेलं वाक्य होतं : "इंटरव्हल वरैक्कुम ओके." म्हणजे इंटरव्हलपर्यंत बरा. ती तिकिटं दोन-तीन दिवस टीव्हीवर पडून राहत आणि मग कुठंतरी नाहीशी होत.

ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेले, चेन्नईत एका सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी केलेली. मी सांगलीचा, अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या मुलीशी लग्न झालं आणि मी अण्णा नगरातल्या त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला आलो. लग्न ठरताना आई म्हणाली, "मराठीच आहेत ना, मग प्रश्न मिटला." नंतर त्यांच्याशी फोनवर बोलताना तिनं तोंडाला पदर लावला. त्यांची मराठी जुन्या पोथीतली आणि हेल मात्र पक्का तमिळ. पहिलं वर्षभर मीही गालातल्या गालात हसत होतो, हे आत्ताच सांगून टाकतो.

सिनेमांच्या अपेक्षाभंगावर त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत होता. मला ते तेव्हा जावयासाठीच्या तमिळ शब्दानं हाक मारत. "पिक्चर वाईट नसतें, माप्पिळ्ळै," ते म्हणायचे. "ट्रेलर बघून आपण मनांत आधींच एक काढून ठेवतों. तें बरं असतें." मी मान डोलवायचो. हे वाक्य एक दिवस माझ्याच मुळावर येईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी सकाळी पेपर वाचता वाचता त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात परत आला, पायही परत आला. वाचा आली नाही. त्यातही असं विचित्र झालं, की तमिळ पार गेली, इंग्रजी गेली, आणि तळाशी घरातली मराठी तेवढी शिल्लक राहिली, तीही सुटी सुटी. पाणी. दार. नको. ये. डॉक्टर म्हणाले, होतं कधीकधी असं. जी भाषा उरली आहे तिच्यात बोलत राहा. सांगायला सोपं आहे. सासूबाईंना सवयीनं तमिळच तोंडात येई. बायकोची मराठी स्वयंपाकघरापुरती. म्हणजे घरात दिवसभर त्यांच्याशी मराठीत बोलू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो मी होतो.

बोलायला शिकवणारी एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा घरी येई. चित्रांचे पत्ते दाखवी : छत्री, गाय, केळं. तिला मराठी येत नव्हती, म्हणून मी दुभाष्या. तिनं मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "हेच महिने महत्त्वाचे आहेत. शब्द चुकले तरी चालतील. पण लाज वाटून ते एकदा गप्प बसले, तर मला फार काही करता येणार नाही." मी म्हटलं, ते लाजणाऱ्यांतले नाहीत. मोठ्या ऐटीत म्हटलं.

एका संध्याकाळी मी फोनवर एका मराठी ऐतिहासिक सिनेमाचा ट्रेलर बघत होतो. तलवारी, घोडे, धुरळा, नेहमीचंच. मध्येच दोन सेकंद एक उंच गोपुर दिसलं आणि खाली अक्षरं आली : तंजावर. अप्पांनी माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"हें आम्चं," ते म्हणाले. मग, "आम्चं गांव. अजून एकदां."

झटक्यानंतर पहिल्यांदाच एका शब्दाच्या पुढं गाडी गेली होती. बायको हातात डाव घेऊन धावत बाहेर आली आणि तिथंच उभी राहून रडायला लागली. आम्ही तो ट्रेलर त्या संध्याकाळी किती वेळा बघितला असेल, देव जाणे.

तिथून मी सुसाट सुटलो. सिनेमाबद्दल मला ओ की ठो माहीत नव्हतं, पण कारखान्यातून आलो की मी त्यांच्या खाटेशी बसून तो सांगत असे. दरबार असा असेल, हत्ती तसे असतील. "राजवाड्यातला आचारीसुद्धा तुमच्यासारखं बोलणार बघा, अप्पा," असंही मीच म्हणालो. ते खुदकन हसले. "आचारी काय करणार?" त्यांनी विचारलं. अख्खं वाक्य! मी दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला जेवणावळ घालायला लावली. ते मला दुरुस्त करू लागले, आधी काय वाढायचं आणि मग काय, सगळं. रोज विचारत, "दिवस किती?" मी म्हणे अठरा, सतरा, सोळा. तमिळ शब्द गेला होता, म्हणून आता मला "जांवई" म्हणत. पत्ते दाखवणारी बाई खूश होती. मी तर असा हवेत होतो, की वरचा मजला चढायला जिना लागत नव्हता.

चेन्नईत मराठी सिनेमा आपणहून येत नाही. इथल्या मराठी मंडळानं पुरेशी माणसं जमवून दाखवली तर एखाद्या मॉलमधलं थिएटर रविवारी सकाळी एक खेळ देतं. मी जंग जंग पछाडलं. पेरुंगुडीच्या आयटीतली मराठी पोरं म्हणाली, एवढ्या लांब कोण येणार, महिन्याभरात मोबाइलवर येईलच. मी लाज सोडून प्रत्येकाला सांगितलं की माझ्या सासऱ्यांच्या वाचेचा प्रश्न आहे. ते ऐकून आली बिचारी. हॉल भरला.

आणि काय थाटात आली! मुली नऊवारीत, मुलं फेट्यात. एकानं अप्पांनाही भगवा फेटा बांधला. आजारपणानं डोकं लहान झाल्यासारखं दिसत होतं, फेटा कानावर उतरत होता, तरी ते ताठ बसले. आजकाल तिकीट फोनवर येतं, पण डब्यात ठेवायला हवं म्हणून मी खिडकीवर हुज्जत घालून कागदी छापून घेतलं होतं. ते त्यांनी खिशात ठेवलं आणि दुसरा हात माझ्या दंडावर.

सिनेमा भिकार होता. नायक चार ओळींचं भाषण करायला पाच मिनिटं घेई, घोडे संगणकातले, रक्तसुद्धा संगणकातलं. अप्पा दर थोड्या वेळानं माझ्याकडं वाकून विचारत, "तंजावर?" मी म्हणे, येईल. इंटरव्हल झालं. "तंजावर?" "आता येणारच, अप्पा. आता तेच आहे."

आलं तंजावर. पाच-सात मिनिटं. मागं पडद्यावर रंगवल्यासारखं गोपुर, पुढं एक मुका राजा, आणि आचारी. हो, आचारी होता. मोठं पोट, कपाळभर गंध, खांद्यावर पंचा. तो हेल काढून बोलायचा, वाक्याच्या शेपटाला "अय्यो" लावायचा, आणि नायक त्याची नक्कल करायचा. अख्खा हॉल खदखदला. नऊवारीतली मुलगी समोरच्या खुर्चीवर डोकं टेकून हसत होती. कुणी मागून "अय्यो" म्हणालं, तसा आणखी मोठा हशा झाला.

आणि मी हसलो. कसं सांगू? ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं. क्षणभरच. पण मोठ्यानं. पुढच्याच क्षणी दंडावरचा हात उचलला गेला. मी वळून बघितलं तर अप्पांनी दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि ते पडद्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी फेटा काढला आणि खाली पायाशी ठेवला.

बाहेर सगळ्यांनी घेरलं. "काका, कसा वाटला?" मुलं चांगली होती, खरंच त्यांच्यासाठी आली होती. कुणाच्या मनात काही नव्हतं. काका रिक्षाकडे चालायला लागले. घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, कॉफी घेतली, उभ्यानंच. सासूबाई, बायको, मी, नेहमीसारखे निकालाची वाट बघत उभे होतो.

"मी असंच बोलतों काय?" त्यांनी विचारलं.

स्पष्ट, अडखळल्याशिवाय. पत्ते दाखवणाऱ्या बाईनं टाळ्या वाजवल्या असत्या. ते माझ्याकडं बघत होते. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं याची शंभर उत्तरं मला आता येतात. तेव्हा मी म्हणालो, "छे हो, अप्पा. ते नुसतं गमतीसाठी असतं."

त्यांनी खिशातून तिकीट काढलं. डब्याकडे गेले नाहीत, टोपलीकडेही नाहीत. माझा हात हातात घेतला, तिकीट तळव्यावर ठेवलं आणि माझी मूठ मिटवली.

त्यानंतर ते बोलले नाहीत. मंगळवारी ती बाई आली, छत्री दाखवली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. गाय, केळं, काही नाही. "काय झालं मधे?" तिनं मला विचारलं. मी तिला सिनेमाचं सांगितलं, माझ्या हसण्याचं सोडून. पुढच्या खेपेला तेही सांगितलं. ती पत्ते पिशवीत भरत राहिली.

मी काय करायचं बाकी ठेवलं? पाया पडलो. रडलो. सिनेमाला, तो काढणाऱ्यांना, माझ्या गावाला शिव्या घातल्या. ट्रेलर पुन्हा लावून बघितला, तर त्यांनी मान फिरवली. आणि एक दिवस मला वाटलं, आपण त्यांच्यासारखं बोलून बघावं. तसाच हेल, तसेच शब्द, म्हणजे त्यांना कळेल की मला त्यात कमीपणा वाटत नाही. मी मनापासून बोललो हो. "अप्पा, जेवण झालं कीं? काय करत आहांत?" ते उठले, भिंतीला धरत धरत खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या ध्यानात यायला मिनिटभर लागलं, की त्यांना ती नक्कल वाटली. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. रात्री बायको म्हणाली, "तू आता त्यांच्याशी बोलू नकोस. प्लीज." ती बरोबरच होती. घरात मराठी बोलणारा एकच माणूस होता, आणि त्यानंच तोंड बंद ठेवायला हवं होतं.

सकाळी जेवणाआधी गच्चीवर कावळ्याला भात ठेवायची इथल्या घरांत रीत आहे. आमच्याकडे ते काम आता अप्पा करतात, वाटी धरता येते म्हणून. महिन्यापूर्वी मी टॉवेल आणायला वर जात होतो. जिन्याच्या वळणावर मला आवाज आला.

"ये. ये रे. भात आहे. अस्कं खा. पोराला ने."

अस्कं म्हणजे सगळं. लग्न झाल्यावर हा शब्द शिकायला मला आठवडा लागला होता. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर धावलो. चपलांचा आवाज झाला आणि बोलणं तुटलं. मी दारात पोचलो तेव्हा ते हातात रिकामी वाटी घेऊन उभे होते, ओठ मिटलेले.

दुसऱ्या दिवसापासून मी चपला खाली काढतो आणि वळणाच्या अलीकडे भिंतीला टेकून उभा राहतो. बाईनं शब्द मोजायला शिकवलं होतं, तसे मोजतो. पहिल्या आठवड्यात दहा-बारा असायचे. एकदा त्यांनी कावळ्याला उशीर का झाला म्हणून रागे भरलं, त्या दिवशी आनंदात मला कामावर जायलाच नको वाटत होतं. मग सात. मग चार. मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं असतं तर ती वर गेली असती.

आज वाटी कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला. "ये," ते म्हणाले. कावळा आला, पंखांचा आवाज मी ऐकला. मी श्वास धरून थांबलो. खूप वेळ थांबलो, अंबत्तूरची बस गेली असणार, पण आकडा एकाच्या पुढं गेला नाही. मला बघून ते गप्प झाले असते तर मी सोसलं असतं. पण मी जिन्यातच होतो, अनवाणी, आणि मी तिथं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.