डाव्या हाताचे रांजण

लग्न होऊन मी पनवेलच्या कुंभारवाड्यात आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सासरी पहिलं काम मिळालं ते टांगेवाल्यांच्या अड्ड्यावरून घोड्यांची लीद गोळा करून आणायचं. मातीत लीद मळली की मडकं भाजताना तडकत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझं माहेरही कुंभाराचंच.

मला मडकी थापायची होती. आमच्यात चाक फिरवायचं पुरुषांनी आणि चाकावरून उतरलेलं ओलं मडकं थापून त्याला गोल पोट आणायचं बायकांनी. आतून दगडी गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापटणं मारायचं. हे काम मला आईपेक्षा बरं जमायचं, आणि ते मी तिच्या तोंडावर सांगायचे.

पण मी पडले डावरी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी थापटणं काढून घेतलं.

"आपली मडकी लग्नात देवापुढं जातात. डाव्या हाताची हायेत कळलं तं कोन घेईल? नाय, तू लीदच आन."

मी मनातल्या मनात खूप तणतणले. तरी त्यांचं काम बघत बसायला मला आवडायचं. शेजारी एक कवठ ठेवून त्या थापायच्या, आणि मडक्याचं पोट खरंच तसं भरून यायचं.

दिवाळीनंतर मिठागराच्या मुकादमानं पाण्यासाठी मोठे रांजण सांगितले. रांजण एकटीच्या आवाक्यातला नव्हे. सासूबाई आणि त्यांची जाऊ, आमची काकी, शेजारी शेजारी बसल्या. दोघी उजव्या, त्यामुळे एकीचा कोपर दुसरीच्या आड येई. शेवटी काकीचं थापटणं भलतीकडेच बसलं, रांजणाला पोचा पडला आणि दोघींची जुंपली.

"तुजं तूच कर!" म्हणत काकी निघून गेली.

ओला रांजण वाऱ्यावर वाळायला लागला होता. मी थापटणं उचललं आणि सासूबाईंच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी तोंड उघडलं, पण माती कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही. माझा हात डावीकडून पडायचा, त्यांचा उजवीकडून. कोपराला कोपर एकदाही लागला नाही. पोचा भरून निघाला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

भट्टीतून रांजण निघाले. मुकादमानं बोटानं वाजवून पाहिले.

"झकास! कुनी थापले?"

मी डावा हात पदराखाली घेतला.

"आमी दोघींनी," सासूबाई म्हणाल्या. "ही डावरी हाय."

"असंल. पानी गार झालं म्हंजे बस. आनखी दोन द्या."

काकीचा राग तोवर निवळला होता. पदर खोचून ती पुढं आली. "चल, मी बसते तुज्यासंगं."

सासूबाईंनी मला जागा करून दिली आणि तिला म्हणाल्या, "नको गं. तू पडलीस उजवी. आमाला अडचन व्हते."