न दुखणारा पाय

डॉक्टरांनी बरणीतून कापसाची बारीकशी वात काढली आणि यांना डोळे मिटायला सांगितलं.

"कापूस लागला की बोट लावून दाखवा, कुठे लागला ते."

माझे यजमान योसेफ यवतमाळच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायच्या कामावर होते. चिमूटभर कापूस बोटांनी ओढून तो कुठल्या शिवारातला असेल, हे सांगणारा माणूस. दंडावर कापूस लागला, यांनी बोट ठेवलं. गालावर लागला, बोट ठेवलं. मग डॉक्टरांनी डाव्या पोटरीवर वात फिरवली, घोट्यावर फिरवली, तळव्यावर फिरवली. हे डोळे मिटून शांत बसले होते, आणि वर विचारत होते, "सुरू करा ना साहेब, काहून थांबले?"

मी समोरच उभी होते. वात पायावरून फिरताना मला दिसत होती.

डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटांनी चाचपलं. तिथली नस दोरीसारखी जाड झाली होती. मांडीवर एक फिकट चट्टा होता, तो मी गजकर्ण समजून कडुनिंब लावत आले होते. डॉक्टर हात धुऊन आले आणि खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले की समजावं, बातमी बरी नाही.

"याला ॲनेस्थेशिया म्हणतात. म्हणजे कातडीला स्पर्श, चटका, दुखणं काही कळत नाही. नस आजारी आहे. हा लेप्रसी आहे, बाई. कुष्ठरोग."

मी म्हटलं, "नाही." एवढंच. जणू त्यांनी मला चहा विचारला होता.

हे सगळं ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी घडलं. साठ-एकसष्ट सालाच्या सुमाराची गोष्ट आहे. पण आदल्या तीन दिवसांत काय झालं, ते सांगितल्याशिवाय माझा धक्का तुम्हाला कळायचा नाही. कारण त्या तीन दिवसांत आमच्या वस्तीने माझ्या नवऱ्याला संत करून टाकलं होतं.

लोहारा गावाच्या वाटेवर आमची थोडी कॅथलिक घरं होती आणि एक लहानसं देऊळ होतं; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आमच्यातले काही जण तिसऱ्या संघात होते. हा संघ संसारी माणसांचा. पहिला संघ मठातल्या ब्रदरांचा, दुसरा सिस्टरांचा, आणि तिसरा आमच्यासारख्यांचा, ज्यांना पोरंबाळं आहेत, भाकरी थापायची आहे. आम्ही कपड्याच्या आत कमरेला गाठींची दोरी बांधत असू. महिन्यातून एकदा आमच्या ओसरीवर जमत असू. संघातलं कोणी आजारी पडलं तर दर आठवड्याला त्याला भेटायचं, हा नियमच होता. हे संघाचे प्रमुख होते. ज्या संताच्या नावाने आमचा संघ चालतो, त्यांच्या हातापायांवर ख्रिस्ताच्या जखमा आपोआप उमटल्या होत्या, हे आम्हाला लहानपणापासून पाठ.

गुड फ्रायडेला भर दुपारी आम्ही टेकडीवर, ख्रिस्त क्रूस घेऊन चालला तशी, क्रूसाची वाट चालतो. अनवाणी. यवतमाळचं एप्रिलचं ऊन ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. खडक तव्यासारखा तापतो. फादरांपासून पोरांपर्यंत सगळे पाय उचलून उचलून चालतात, भक्ती कितीही असली तरी. त्या वर्षी क्रूस यांच्या खांद्यावर होता, आणि हे सावलीत चालावं तसे चालत होते.

अर्ध्या वाटेवर मागून पौलिनाबाई ओरडल्या. त्या संघातल्या सगळ्यांत वडील. "थांबा! योसेफच्या पायातून रक्त येऊन राह्यलं!"

मागे खडकावर लाल पावलं उमटली होती. यांनी तळवा वर करून पाहिला. मधोमध भोक पडलं होतं. काटा नाही, खिळा नाही, नुसतं भोक.

"दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

"काहीच नाही," हे म्हणाले. तेही चकितच झाले होते.

तेवढ्यात संघाचा चिटणीस अंतोन गुडघे टेकून खाली बसला. अंतोन यांच्यासोबतच जिनात कामाला होता, यांच्याहून लहान, आणि उत्साहाला कधीच तोटा नाही. "माय गं! गुड फ्रायडे अन् पायाले जखम! अन् दुखत नाई! अवो, आपल्या संताले झालतं तसंच हाये हे!"

झालं. पौलिनाबाईंनी वाकून तो पाय चुंबला. कोणी रक्त फडक्याला लावून घेतलं. फादरांनी डोळे वटारले, "जखम ती जखम. धुवा आणि डॉक्टरकडे न्या," म्हणाले, पण त्या उन्हात आणि त्या भरात त्यांचं ऐकतो कोण!

शनिवारी आमच्या ओसरीवर माणसांची रीघ. रविवारी ईस्टर. घंटा वाजल्या, उपासाचे चाळीस दिवस तोंडातून न काढलेला आलेलुया सगळ्यांनी घसा फुटेस्तोवर म्हटला, आणि देवळातून निघालेले लोक प्रभू उठला म्हणून एकमेकांना भेटण्याआधी आमच्या घरी यांचा पाय पाहायला आले. हे बिचारे अवघडून गेले होते. "मी काही केलं नाही बाप्पा, मले काही समजत नाही," असं म्हणायचे, तर लोक म्हणायचे, पाहा, किती नम्रता!

सोमवारी पाय सुजून भोपळा झाला आणि यांना थंडी वाजून ताप भरला. फादर स्वतः बैलांची दमणी घेऊन दारात आले. त्यांनी यांना उचलून गाडीत घातलं आणि मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी जखम उघडली, आत चिमटा घातला आणि बोटाएवढा बाभळीचा काटा बाहेर काढला. भूल न देता. आत मोडून बसलेला काटा खेचला जात असताना हे डॉक्टरांना विचारत होते, यंदा तुमच्याकडे मोहफुलं कशी काय पडली?

त्यावर डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी ती कापसाची वात काढली.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातून पाझरलेलं पाणी काचेवर घेतलं. याला स्किन स्मिअर म्हणतात, त्यात जंतू आहेत का ते पाहतात. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. निकाल आला, निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "यांच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायची भीती नाही, असं समजा. डॅप्सोन नावाच्या गोळ्या देतो, त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील. रोग थांबेल. पण मेलेली नस परत जिवंत होईल, असं मी सांगत नाही."

तळव्यावरच्या जखमेला प्लांटर अल्सर म्हणाले. पाय दुखत नाही म्हणून माणूस त्यावर चालत राहतो आणि जखम आत आत जाते. त्यासाठी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. हे वॉर्डच्या टोकाच्या खाटेवर पडून राहिले. मी विचारलं, "तुम्हाला राग येत नाही का हो?" तर म्हणाले, "प्रभू उठला तेव्हा त्याच्याही जखमा तशाच होत्या ना, मार्था. नव्या अंगावर जुन्या जखमा." मला मात्र राग येत होता. देवाचा कमी, माणसांचा जास्त.

कारण बातमी वस्तीवर पोहोचली होती. ज्यांनी फडकी डोळ्यांना लावली होती, त्यांनी ती जाळली. कोणी राखेने हात घासले. आणि संघाचा एकही माणूस दवाखान्यात आला नाही. एक आठवडा, दुसरा, तिसरा. कोणीतरी केळी पाठवली, तीही फाटकावर शिपायाकडे ठेवून दिलेली. महिन्याची सभा आमच्या ओसरीवरून हलली. कुठे हलली, ते मला कोणी सांगितलं नाही. मी भांडी घासताना दुसऱ्या आळीतून प्रार्थनेचा आवाज ऐकला, तेव्हा कळलं. हातातलं भांडं तसंच राहिलं. ज्या संताने महारोग्याला रस्त्यात कवेत घेतलं त्याची गाणी गाणारी ही माणसं! माझा विश्वासच बसेना.

रोज भाकरी आणून देत होत्या त्या शेजारच्या गयाबाई. त्यांच्या घराने चार-पाच वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. मी म्हटलं, तुमाले भीती नाही वाटत? तर म्हणाल्या, "दूर ठेवनं कसं असते ते आमाले कायले सांगता, मार्थाबाई? खा मुकाट्यानं."

मी तशी भांडखोर नाही, असं मला वाटतं. हे वेगळं सांगतात. एक दिवस मी अंतोनच्या दारात जाऊन उभी राहिले. "आजाऱ्याला भेटायचा नियम तुम्हीच वाचून दाखवता ना दर महिन्याला? आज पुन्हा वाचा. मी ऐकायला आली."

अंतोन दारातच खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वहिनी, मी त्या फडक्यानं माह्या लेकराचं डोकं पुसलं. आशीर्वाद म्हनून. दोन महिन्यांचं लेकरू. आता रोज सकाळी त्याचं अंग उघडं करून डाग पाह्यतो. मले झोप नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तो मान हलवत होता, पण डोळ्यांतली भीती हलत नव्हती. मी तशीच परत आले.

पहिल्यांदा आल्या त्या पौलिनाबाई. काठी टेकत वॉर्डमध्ये शिरल्या, यांच्या खाटेवरच बसल्या आणि प्लास्टरवर हात ठेवला. "योसेफ, त्या दिवशी देवाचा पाय समजून हात लावलता मी. आज तुहा समजून लावते. मले माफ कर." हे इतके दिवस रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

प्लास्टर निघालं. गाडीच्या टायरचा तळ आणि वर मऊ रबर, अशी चप्पल करून घेतली. डॉक्टरांनी जाताना ज्या गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्या घरी असं कोणी असेल तर कामाच्या आहेत, म्हणून लिहिते. अनवाणी एक पाऊलही नाही, देवासाठीसुद्धा नाही. तळवा रोज संध्याकाळी डोळ्यांनी पाहायचा. आणि त्या पायावर पाणी घालण्याआधी ज्याला चटका कळतो अशा माणसाने ते हातात घेऊन पाहायचं. आणखी एक, हे माझं स्वतःचं. जिथे ओरडायला हवं तिथे माणूस ओरडला नाही, तर हात जोडू नका. वाकून त्याचा पाय पाहा.

हे जिनात परत गेले. देवळात मागच्या कोपऱ्यात उभे राहू लागले, आणि त्यांच्याभोवती आपोआप एक मोकळी जागा तयार व्हायची. कोणी वाईट बोलत नसे. नुसती जागा असायची. रोग थांबला होता, पण हा माणूस आपल्या माणसांत परत येईल की जन्मभर त्या जागेत उभा राहील, हे मला कळत नव्हतं. मला पायापेक्षा तीच धास्ती होती.

असा पुढचा ईस्टर आला. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. ही रीत सर्वांसमोर करायची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. फादरांनी कोणाला न विचारता बारांत यांचं नाव घातलं. देवळात कुजबुज झाली. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच जा म्हटलं.

लांब बाकावर हे एका टोकाला बसले. बाकीचे अकरा, त्यांत अंतोनही, दुसऱ्या टोकाला इतके दाटून बसले की शेवटचा अर्धा हवेत. मधे तीच जागा. माझ्या शेजारी पौलिनाबाई दातओठ खात होत्या.

फादर यांच्यापासूनच सुरू करणार होते. घंगाळ समोर आलं. अंगणातल्या लोखंडी ड्रममधलं पाणी, दिवसभर उन्हात तापलेलं, कोणीतरी सरळ आणून त्यात ओतलं. फादरांनी गुडघे टेकले आणि यांचा डावा पाय हातात घेतला. त्या पाण्यात कोणी हात घालून पाहिला नव्हता.

"थांबा, फादर!"

अंतोन उठला होता. दाटीतून निघून तो बाकाच्या या टोकाला आला, यांना खेटून बसला, आणि त्याने आपला उघडा पाय घंगाळात टाकला.

"आई गं! पोळलं!"

पोरं हसली. अंतोन हसला नाही. एका पायावर लंगडत तो दाराशी गेला, माठातून तांब्या भरून आणला, घंगाळात ओतला, पुन्हा पाय घालून पाहिला. आणखी एक तांब्या ओतला. मग परत यांच्याजवळ बसून पाय आत ठेवला आणि थोडा वेळ तसाच थांबला.

"आता बरं हाये," तो म्हणाला. "आता ठेवा योसेफभाऊचा."

फादरांनी यांचा पाय अलगद पाण्यात सोडला. अंतोनने आपला पाय बाहेर काढला नाही. तो विसरला की मुद्दाम ठेवला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. फादरांनी लोटा उचलला आणि दोन्ही पायांवर एकदमच पाणी ओतलं.